ग्लायडरचे पंख खाली का नसतात? मॉडेलसाठी विचारतोय

खानापूरकर:
नमस्कार मंडळी, २ मीटर पंखांचं आरसी (रिमोटनं चालणारं) ग्लायडर डिझाईन करतोय, यळ्ळूरच्या राजहंसगडावरून पश्चिमेच्या वाऱ्यावर उडवायचंय. फोटो बघितले तर मोठ्या ग्लायडरांचे पंख बॉडीच्या मधोमध नाहीतर खांद्यावर, म्हणजे बॉडीच्या वरच्या भागात, खाली लावलेला जवळपास दिसतच नाही. प्रवासी विमानांना तर खालीच असतात की ओ. मग इथं का नको?

उद्यमबागवाला:
पंख आणि बॉडीच्या सांध्यातला ड्रॅग, म्हणजे हवेचा मागं ओढणारा विरोध, हे मोठं कारण. गोल बॉडीला पंख खाली लावला की पंखाची वरची बाजू आणि बॉडी यांच्यात चिंचोळा कोपरा होतो. पंखाच्या मागच्या भागावर हवेचा दाब वाढत जातो, त्यात बॉडी पण तिथंच निमुळती होत असते, आणि दोन्ही पृष्ठभागांना घासून मंद झालेली हवा नेमकी त्या कोपऱ्यात गोळा होते, तिच्यात पुढं जायचा जोरच राहत नाही, ती सुटते आणि भोवरे होतात. मधोमध लावला की कोन ९० अंशाच्या आसपास येतो, हवा चिकटून राहते. प्रवासी विमानात चाकं, केबिन, सामान यांचा हिशोब मोठा, म्हणून पंख खाली घेऊन सांध्यावर मोठं फेअरिंग, म्हणजे हवा सरळ जावी म्हणून गुळगुळीत आवरण, देतात. ग्लायडरला इंजिनच नाही, थोडासा ड्रॅग पण महाग पडतो. १५ मीटर पंखांच्या एएसडब्ल्यू २७ ग्लायडरचा ग्लाइड रेशो (१ मीटर खाली येताना किती मीटर पुढं जातं ते) ४८ च्या आसपास आहे, म्हणजे बेळगाववर १ किलोमीटर उंचीवर असलं तर शांत हवेत लोंढ्यापर्यंत जाईल. किती सुंदर काम आहे बघा!

निपाणीचा वारा:
होय, आणि जमिनीचं पण बघा. मेन चाक एकच, एका बाजूचा पंख साडेसात मीटर, थर्मल, म्हणजे वर चढणारी गरम हवा, मिळालं नाही की शेतात उतरायचं. पंख खाली असला तर पहिलं टोकच पिकात अडकणार आणि ग्लायडर गरकन फिरणार. टी-टेल, म्हणजे आडवी शेपटी उभ्या शेपटीच्या टोकावर, ठेवतात त्यात पण हे एक कारण, शेपटी पिकाच्या वर राहते. दोन सीटच्या एएसके १३ मध्ये तर पंख पुढं झुकवलेत, मागच्या माणसाच्या पाठीमागून स्पार (पंखाचा मुख्य आडवा दांडा) नेता येतो आणि तरी बॅलन्स जमतो.

खानापूरकर:
लई भारी समजावलंत दोघांनी. मग मॉडेलला खांद्यावर बसवू काय?

उद्यमबागवाला:
बसव की. गडावर दगड हाईत, पोटावर उतरताना पंख वाचतो. नायलॉनचे बोल्ट घाल, आपटलं तर बोल्ट तुटतील, पंख नाही. मागच्या कडेजवळ सांधा फिलेटनं, म्हणजे गोलाई देणाऱ्या भरावानं, भरून गुळगुळीत कर, हवा तिथंच सुटते. सीजी (वजनाचा मध्य) पंखाच्या पुढच्या कडेपासून सरासरी कॉर्डच्या (पंखाच्या पुढून मागच्या रुंदीच्या) ३० टक्क्यांवर ठेवून सुरुवात कर, मग उडवत उडवत थोडं थोडं मागं घे.