मदत हवी आहे: पतसंस्थेच्या अध्यक्षाच्या जामिनाला ठेवीदार विरोध करू शकतो का?

नागपुरातल्या एका पतसंस्थेत बाबांची रिटायरमेंटची सगळी रक्कम अडकली आहे. आर्थिक गुन्हे शाखेने एमपीआयडी कायदा, १९९९ (ठेवीदारांचे पैसे बुडवणाऱ्यांविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा) खाली गुन्हा नोंदवलाय. ठेवपावत्या, पासबुक, एफआयआरची प्रत हाताशी आहे, बाबांचा जबाबही झालाय. आता अध्यक्षाने अटकपूर्व जामिनासाठी अर्ज केला आहे. त्याच्याकडे नामांकित वकील, आमच्याकडे बहुतेक सगळे पेन्शनर.

या कायद्यात शिक्षाच जास्तीत जास्त ६ वर्षं. खटले किती रेंगाळतात ते इथे सांगायला नको: नागपूर जिल्हा बँकेचा रोखे घोटाळा २००२ चा, निकाल डिसेंबर २०२३ मध्ये, शिक्षा ५ वर्षं, आणि जानेवारीत हायकोर्टातून जामीन. म्हणून जोर आत्ताच लावायचाय.

सरकारी वकिलांना भेटलो, ‘लेखी द्या’ म्हणाले, ते दिलं. ग्राहक आयोगात तक्रार आधीच आहे, तो मार्ग कृपया सुचवू नका. वकिलाची फी वर्गणी काढून जेमतेम जमेल.

विशेष न्यायालयात ठेवीदारांतर्फे हस्तक्षेप अर्ज कुणी केलाय का, आणि तो ऐकला गेला का? शिवाय वर्धा रोडवरचे दोन प्लॉट अध्यक्षाने बायकोच्या नावावर केलेत, सातबारा काढून ठेवलाय. जप्तीसाठी तो तपास अधिकाऱ्याला द्यायचा की थेट सक्षम प्राधिकाऱ्याला (या कायद्याखाली जप्त मालमत्तेसाठी नेमलेला सरकारी अधिकारी)?