हॉटेल कॅलिफोर्निया एकट्या गिटारवर, टॅब न बघता

भांडुपचा_बेसूर:
ईगल्स बँडचं हे १९७६ चं गाणं एकाच गिटारवर बसवायचंय, टॅब (कुठल्या तारेवर कुठं बोट ते दाखवणारा तक्ता) न बघता. चाल, बेस (खालचा सूर), कॉर्ड सगळं मीच. शेवटची फेल्डर-वॉल्श या त्यांच्या दोन गिटारवाल्यांची जुगलबंदी आधीच सोडून दिलीय, आपली पायरी ओळखून.

यूट्यूबवर वेग ०.७५ ठेवून तीन रात्री बेस शोधला. (लोकलमध्ये जमत नाही, कांजूरनंतर गाडीच बेस वाजवते.) सापडलं ते असं: बी मायनर, एफ शार्प, ए, ई, जी, डी, ई मायनर, परत एफ शार्प. पण पहिल्या दोन्ही बार कॉर्ड, म्हणजे एकच बोट आडवं ठेवून तारा दाबायच्या. पहिलं बोट आडवं अडकलं की चालीला करंगळी उरते. त्यात चाल त्याच त्या सुरांवर घोळते. गायला छान, गिटारवर दारावरची बेल. बायको एकदा खरंच दार उघडायला गेली.

तार_तुटली:
कॅपो (सगळ्या तारा दाबणारा चिमटा) दुसऱ्या फ्रेटवर (मानेवरच्या घरात) लाव आणि ए मायनरचे आकार धर: ए मायनर, ई सेव्हन, जी, डी, एफ, सी, डी मायनर, ई सेव्हन. ऐकू येईल बी मायनरच. आठपैकी पाच ठिकाणी बेस मोकळ्या तारेवर मिळतो.

पेटीमास्तर_नाही:
बेल वाजतेय कारण तू प्रत्येक अक्षराला सूर देतोयस. शब्द नाहीत तर तेवढे ठोके कशाला? ओळीतले तीन-चार सूर ठेव, बाकी गाळ.

भांडुपचा_बेसूर:
कॅपोनं बोटं सुटली! आता नवीन भानगड. बाबा भजनी मंडळात पेटी वाजवतात. आतल्या खोलीतून म्हणाले, "अरे, मघाशी मोबाइलवर नी उतरत होता, तुझ्यात कुठं गेला?" पेटी काढली, पांढरी सात, म्हणजे बी, सा धरला. पहिल्या सहा कॉर्डमध्ये एक सूर पायरी-पायरीनं उतरतो: सा, शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध, प. गाण्याचा सगळा उदासपणा तिथं आहे आणि मी नेमका तोच गाळला होता.

कॅपोपासून मोजलं तर तिसऱ्या तारेवर (सगळ्यात बारीक ती पहिली) दुसरा फ्रेट, पहिला, मग मोकळी. इथवर मजा. चौथ्या कॉर्डला, म्हणजे डीला, पुढचा सूर चौथ्या तारेच्या चौथ्या फ्रेटवर येतो आणि बेसला तीच तार मोकळी हवी. काय करू?

तार_तुटली:
तो सूर खाली ने. सहाव्या तारेचा दुसरा फ्रेट डाव्या अंगठ्यानं वरून दाब, चौथी मोकळी राहील. मग एफला पहिला फ्रेट, सीला सहावी मोकळी. उतरण बेसमध्येच येते.

भांडुपचा_बेसूर:
अंगठा पोचतोय, पण पहिली तार दबून मुकी होते. कोपर जरा पुढं काढल्यावर चारात एकदा नीट वाजलं. साडेदहा वाजलेत, खालच्या काकू भिंत ठोकायच्या आत थांबतो. उरलेलं सकाळी.