एकाच झाडावरच्या दोन अळ्या, एक कोष हिरवा आणि एक तपकिरी असं का? आणि कोषात त्यांचं रक्षण कोण करतं?

रानजाई:
कुंडीतल्या लिंबाच्या रोपावर पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसणाऱ्या अळ्या होत्या, मोठ्या झाल्यावर हिरव्या झाल्या, त्यातल्या दोन आता कोषात गेल्यात. एकीने हिरव्या फांदीवरच कोष केला, तो हिरवागार आहे. दुसरी खाली उतरून शेजारच्या वाळक्या काठीवर गेली आणि तिचा कोष तपकिरी, मोडक्या काटकीसारखा. ती आजारी आहे का? अळी असताना निदान डोक्यामागून ती लाल शिंगं काढून घाण वास तरी सोडायची, चालता तरी येत होतं, आता इतके दिवस एका जागी टांगून राहायचं म्हणजे कोणीही येऊन खाऊन जाईल. सोडवून डब्यात ठेवू का? आणि पतंग बरे ना, त्यांना रेशमाचं घर असतं?

पानोपानी:
ताई, सोडवू नका प्लीज. शेपटीकडचे बारीक आकडे रेशमाच्या गादीत अडकलेले असतात आणि कमरेला रेशमाचा पट्टा असतो, ओढाओढीत कोष फाटतो.

तपकिरी अजिबात आजारी नाहीये, तेच तर तिचं संरक्षण आहे! कात टाकून कोष होण्याआधीच अळीला जागा कशी आहे ते कळतं, गुळगुळीत हिरवी फांदी की खरखरीत वाळकी काठी, आणि त्यावर मेंदूकडून हार्मोन सुटायचं की नाही ते ठरतं आणि तसा रंग येतो. एकदा आला की नंतर जागा बदलली तरी बदलत नाही, म्हणून तपकिरी कोष उचलून हिरव्या पानात ठेवला तर उलट उठून दिसेल. एडवर्ड पोल्टन नावाच्या शास्त्रज्ञाने 1887 मध्ये यावर मोठा निबंध छापला होता, दुसऱ्या जातीच्या अळ्या त्याने काळ्या, पांढऱ्या आणि सोनेरी मुलाम्याच्या पृष्ठभागांवर ठेवल्या तर काळ्यावरचे कोष गडद झाले आणि सोनेरीवरचे चक्क सोन्यासारखे चमकायला लागले. मला हे अजूनही अद्भुत वाटतं.

आणि ती झाड सोडून काठीवर गेली तेही बरंच झालं, कुरतडलेली पानं जिथे दिसतात तिथेच शिकारी आधी शोधतात.

मातीतला:
पक्ष्यांपेक्षा मला जास्त भीती परजीवी गांधीलमाशीची वाटते. चिलटाएवढी असते, अळीजवळ येऊन थांबते आणि अळीने कात टाकली की त्या ताज्या मऊ कोषात अंडी घालते. पहिले काही तास कोषाची कातडी ओली, मऊ असते, तोच सगळ्यात धोक्याचा वेळ, एकदा कडक झाली की तिला टोचणं अवघड जातं. माझ्याकडच्या एका कोषाला बारीक भोक पडलं आणि त्यातून फुलपाखराऐवजी डझनांनी माश्या निघाल्या, खूप वाईट वाटलं होतं. त्यामुळे जाळी लावायचीच असेल तर अळी खाणं सोडून भटकायला लागते तेव्हाच लावा, नंतर उशीर झालेला असतो.

निशाचर:
पतंगांचं विचारलंत म्हणून. मराठीत आपण दोन्हीला कोषच म्हणतो त्यामुळे गोंधळ होतो. आतला जीव म्हणजे प्युपा, आणि त्याच्याभोवती विणलेलं रेशीम म्हणजे ककून. फुलपाखरांचा प्युपा बहुतेक उघडाच असतो. रेशीमकिड्याच्या ककूनमध्ये जवळजवळ 1 किलोमीटर लांब सलग धागा असतो, आणि बाहेर पडताना पतंग तोंडातून एक पाणी सोडून ते रेशीम सैल करतो. काही केसाळ अळ्या स्वतःचे खाजरे केसच त्या रेशमात विणतात. पण सगळ्यांना घर नसतं हां, हॉकमॉथ नावाच्या पतंगांच्या बऱ्याच अळ्या सरळ जमिनीत शिरतात. त्यातल्या काहींच्या प्युपाच्या पोटाच्या वळ्यांमध्ये खाचा असतात, मुंगीसारखं काही आत शिरून तिथल्या केसांना लागलं की पोट झटकन वाकतं आणि खाच मिटते, मुंगी चिरडते. ना पाय ना पंख, तरी सापळा लावून बसलेला असतो तो!

आणि निळ्या फुलपाखरांचे कोष तर बारीक आवाज काढतात, काही जातींचा आवाज राणीमुंगीच्या आवाजाशी इतका मिळता असतो की मुंग्या स्वतःच त्यांची राखण करतात.

रानजाई:
धन्यवाद सगळ्यांना, दोन्ही जागच्या जागी ठेवलेत. मघाशी पाणी घालताना काठीला धक्का लागला तर तपकिरीने जोरात अंग झटकलं, मी दचकलेच. ते चांगलं लक्षण ना? आणि रंग काळा पडला तर मेली समजायची का?

पानोपानी:
झटकणं म्हणजे जिवंत आहे आणि जवळ आलेल्याला हटवतीये. काळा पडला तर लगेच टाकून देऊ नका हं ताई, बाहेर यायच्या आदल्या दिवशी आतले पंख दिसायला लागतात म्हणून कोष गडद होतो. मऊ पडून पाणी सुटलं किंवा भोक दिसलं तर मात्र गेली. काठीच्या आसपास पंख पसरायला जागा मोकळी ठेवा.