गोबर गॅस भरतोय पण पेटत नाही, स्लरीला आंबट वास येतोय, काय करू?

कोरेगावकर:
राम राम मंडळी. कोरेगावजवळ आमचं गाव, परड्यात २ घनमीटरचा दीनबंधू प्लांट (जमिनीत बांधलेला, पक्क्या घुमटाचा गोबर गॅस) आहे, वडिलांनी बांधलेला, इतकी वर्षं एकदम झकास चालला. मागच्या वर्षी चारातल्या दोन गाया विकल्या, शेण निम्म्यावर आलं, मग चहा आणि सकाळच्या भाकरी झाल्या की शेगडी बंद. म्हणून चुलतभावाच्या खानावळीतलं उरलेलं आणायला लागलो, भात, चपात्या, रस्सा, भाज्यांची देठं, लिंबाच्या साली, रोज १५-२० किलो. पहिले पाच-सहा दिवस गॅस इतका की विचारू नका. आता तीन आठवडे झाले, गॅस येतोय पण काडी लावली की विझतो. आई परत चुलीवर बसतीय, धुरानं तिचा खोकला वाढलाय, बघवत नाही. टाकी उपसावी लागंल का?

वाळव्याचा गडी:
दादा टाकी अजिबात उपसू नका, परत बसवायला महिना-दीड महिना जाईल. गाईनं रात्री दावं तोडून पिठाचं घमेलं फस्त केलं तर तिचं काय होतं, तेच तुमच्या टाकीचं झालंय. आत दोन प्रकारचे जिवाणू असतात, एक अन्नाचं आम्ल करणारे, ते लई चपळ, आणि दुसरे त्या आम्लाचा मिथेन, म्हणजे पेटणारा गॅस, करणारे, ते सावकाश वाढतात. भात-चपाती एकदम पडली की आम्ल साचतं आणि मिथेनवाले मंदावतात, मग जो गॅस येतो तो बराचसा कार्बन डायऑक्साइड, तो कसा पेटणार. पीएचची (आंबटपणा मोजायची, आकडा कमी तेवढं आम्ल जास्त) पट्टी आणून बघा, ६.८ ते ७.२ पाहिजे, ६.५ च्या खाली असला तर खानावळीचं आजच बंद. आठ दिवस कायबी टाकू नका, मग नुसतं थोडं थोडं शेण. चुन्याची निवळी घालता येते पण वाटीवाटीनं आणि दर वेळी पट्टी बघून, पोतं ओतू नका. आणि शेजारी कुणाचा चालू प्लांट असंल तर त्याची ताजी स्लरी शंभरेक लिटर आणून ओता, माझा प्लांट त्यानंच सावरला होता.

तासगावची ताई:
वरचं सगळं बरोबर. हिशोब पण बघा भाऊ, १ किलो ताज्या शेणापासून साधारण ४० लिटर गॅस, म्हणजे २ घनमीटरला रोज ५० किलो शेण लागतं, दोन गायांचं २५ धरलं तरी निम्माच गॅस होणार, त्यात थंडी. खरकटं वाईट नाही हो, उलट किलोमागं शेणापेक्षा कितीतरी जास्त गॅस देतं, पुण्याच्या आरती संस्थेत डॉ. आनंद कर्वेंनी घरच्या खरकट्यावर चालणारा छोटा प्लांट केला त्याला २००६ साली स्वच्छ ऊर्जेच्या कामासाठी दिला जाणारा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. फक्त सवय लावावी लागते, १ किलोनं सुरू करा, बारीक करून शेणात कालवून, आठवड्याला अर्धा-एक किलो वाढवा. रस्सा पातळ असतो मग पाणी कमी घाला, नाहीतर माल चाळीस दिवस आत राहायच्या आधीच बाहेर पडतो. लिंबाच्या साली, हाडं, अंड्याची टरफलं नको. गोठा फिनेलनं धुतलेलं पाणी तर चुकूनही आत जाऊ देऊ नका, आणि गाईला अँटिबायोटिकची इंजेक्शनं चालू असतील तर तेवढे दिवस तिचं शेण उकिरड्यावर. थंडीत घुमटावर उसाचं पाचट जाड पसरा, कालवण दुपारच्या उन्हात करा.

कोरेगावकर:
ताई, दादा, लई उपकार. पीएच ५.५ निघाला! दहा दिवस काही टाकलं नाही, शेजारच्या आबांच्या प्लांटची दोन बॅरल स्लरी आणली, दोनदा निवळी घातली, पाचट टाकलं. आज २३ वा दिवस, पीएच ६.९, निळी ज्योत लागली, संध्याकाळचा पूर्ण स्वयंपाक गॅसवर झाला. आता शेणाबरोबर १ किलो भात सुरू केलाय. बाहेर पडणारी स्लरी उसाला पाटानं सोडली तर चालंल का?

वाळव्याचा गडी:
चालतंय की. पाण्याबरोबर सोडा, नुसती घट्ट एका जागी नको.