ऑटिझम: स्टेम सेलला पैसे देण्याआधी पुरावा मागायचा की नाही?

गोदाकाठची_आई: नाशिकच्या पालकांच्या ग्रुपवर परत स्टेम सेलची, म्हणजे मूळ पेशी शरीरात टोचायच्या उपचाराची, जाहिरात फिरतेय, "मूल बोलायला लागेल" म्हणे, आणि गंगापूर रोडच्या एका ओळखीच्या घरात तर सोनं गहाण टाकायचं चाललंय. माझं स्पष्ट मत, देऊ नका पैसे. नॅशनल मेडिकल कमिशनच्या समितीने 2022 मध्येच सांगितलंय की ऑटिझमला हा उपचार देऊ नये. चिलेशन, म्हणजे शरीरातले धातू बाहेर काढायचं औषध टोचणं, तर जीवावरचंच, 2005 साली अमेरिकेत 5 वर्षांचा मुलगा त्यात गेला.

सिडकोकर_बाबा: ताई राग मानू नका, पण पुरावा पुरावा करत बसलो तर पोराचं वय निघून जातं. आम्ही दूध-गहू बंद केलं, पोट साफ व्हायला लागलं, रात्रीचा झोपतो, आता मांडी घालून ताटातला वरणभात संपवतो. डोळ्यांनी दिसतंय त्याला पेपर कशाला पाहिजे?

गोदाकाठची_आई: दादा, तो शांत झाला हे खरंच आहे आणि चांगलंच झालं. पण पोट दुखणारं मूल चिडणारच, ते दुखणं थांबलं म्हणजे ऑटिझम कमी झाला असं नाही ना, शिवाय त्याच काळात स्पीच थेरपी चालू असते, वय वाढत असतं. सिक्रेटिन या पचनाच्या हार्मोनचं हेच झालं होतं. एका इंजेक्शनने मुलं सुधारतात अशी हवा झाली, मग 1999 च्या चाचणीत काही मुलांना सिक्रेटिन आणि काहींना नुसतं सलाईन टोचलं, तर दोन्हीकडे सारखीच सुधारणा! पालक खोटं बोलत नव्हते, फक्त फरक औषधाने पडला नव्हता. आणि दूध बंद असेल तर कॅल्शियमचं डॉक्टरांना विचारा प्लीज.

ओटी_नाशिकरोड: मी स्वतः ओटी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट, रोजची कामं शिकवणारी) आहे तरी सांगते, आमच्याकडचंही सगळं सिद्ध झालेलं नाही. सेन्सरी इंटिग्रेशनच्या (झोपाळा, स्पर्श अशा खेळांतून संवेदना सांभाळायला शिकवणं) ब्रिटनमधल्या 2022 च्या चाचणीत नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. म्हणून झोपाळ्यावर तासभर झुलवण्यापेक्षा मी शर्टाची बटणं, दात घासणं असं ठरवून घेते. रिस्पेरिडोन या गोळीने चिडचिड, स्वतःला मारून घेणं कमी होतं, बोलणं येत नाही, आणि वजन वाढतं ते वेगळंच.

सिडकोकर_बाबा: म्हणजे तुमचंही कच्चंच! मग आमच्यासारख्याने जायचं कुठे?

गोदाकाठची_आई: गोवा आणि रावळपिंडीतली चाचणी वाचा, 2016 ची. स्पेशालिस्ट नसलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी आईबाप मुलाशी खेळतानाचे व्हिडिओ काढले, तेच त्यांना दाखवले, मूल बघतंय तिकडे बघा, थांबा, मग बोला. मुलं आपणहून जास्त संवाद करायला लागली. याला सोनं गहाण टाकावं लागत नाही. आणि ऑटिझम असलेल्यांसाठीचा सरकारी निरामय आरोग्य विमा काढा, थेरपीचा खर्च त्यात धरतात.

सिडकोकर_बाबा: गहू काही मी परत चालू करणार नाही. पण ते व्हिडिओचं नाशकात कोण शिकवतं ते सांगा.

ओटी_नाशिकरोड: पुढच्या सेशनला फोन घेऊन या दादा, तुम्ही खेळा, मी शूट करते. मग बसून बघू.