मुंबई ते न्यूआर्क: तिकिटावर सहा तास, खरे किती?

देवगडची_बाई
नमस्कार. मी देवगडची, निवृत्त प्राथमिक शिक्षिका. लेकीचं बाळंतपण न्यू जर्सीत आहे, म्हणून मी आणि हे जूनमध्ये निघतोय. तिकिटावर मुंबईहून 12 तारखेला 01:30, न्यूआर्कला 12 तारखेलाच 07:30. हे म्हणतात, सहाच तास, कणकवलीहून मुंबईलासुद्धा जास्त लागतात. मला पटत नाही. यांचे पाय बसून सुजतात. कणकवलीपर्यंत एसटीने गेले तरी चपलेचा पट्टा रुतलेला दिसतो. सलग किती बसायचं ते आधी कळायला हवं. शिवाय लेकीने पाठवलेल्या नकाशात विमान पार आइसलँडवरून जातंय. एवढा वळसा कशाला?

रापण
काकू, तुमची शंका बरोबर आहे. दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या. जूनमध्ये न्यूआर्क आपल्यामागे साडेनऊ तास असतं, हिवाळ्यात साडेदहा. सहात साडेनऊ मिळवा: साडेपंधरा तास.
अंतर साधारण 12,550 किलोमीटर. ताशी 900 धरले तर चौदा तास होतात. उरलेला वेळ धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं-उतरणं आणि समोरचा वारा यात जातो. उंचावर तो पश्चिमेकडून वाहतो, त्यामुळे येताना पाठीशी असतो आणि वेळ कमी लागतो.
आणि तो वळसा नव्हे. सपाट कागदावर तसं दिसतं. पृथ्वीगोलावर मुंबईपासून न्यूआर्कपर्यंत दोरा ताणून धरा, कुठून जातो ते बघा.

कुडाळचो
काकू, तारीख नीट बघा, कळकळीने सांगतो. आमच्या आईबाबांचं तिकीट असंच रात्री दीडचं होतं. आम्ही त्या तारखेला संध्याकाळी बॅगा घेऊन विमानतळावर पोचलो, विमान आदल्या रात्रीच गेलेलं. आईचा तो चेहरा अजून आठवतो. तुम्हाला 11 च्या रात्री साडेनऊपर्यंत विमानतळावर असायला हवं. म्हणजे कणकवलीहून 10 च्या रात्रीची कोकणकन्या. जूनमध्ये पावसाळी वेळापत्रक लागतं, गाड्या हळू चालतात, म्हणून मध्ये एक अख्खा दिवस हाताशी ठेवा.
काकांना कडेची सीट घ्या, खिडकीची नको. तासा-दीड तासाने उठून मागच्या स्वयंपाकघरापर्यंत फेरी मारायची, बसल्या जागी घोटे फिरवायचे, पाणी पीत राहायचं. पायांचे घट्ट मोजे चालतील का ते डॉक्टरांना आधी विचारा.

देवगडची_बाई
दोघांचेही मनापासून आभार. शेजारच्या मुलाचा पृथ्वीगोल आणला, गजऱ्याचा दोरा ताणला. आइसलँडवर बसला, पुढे ग्रीनलँडचं खालचं टोक घासून कॅनडात उतरला. तीस वर्षं भूगोल शिकवला, पण भिंतीवरच्या नकाशावरच. दोरा यांच्याच हातात दिला होता, तेव्हा कुठे साडेपंधरा तास पटले. आम्ही 11 ला सकाळी निघणार होतो. आता 10 च्या रात्रीचं तिकीट काढतेय. डॉक्टरांकडे सोमवारी जाऊ.