लग्नाच्या 6 कॅसेटा 8 जीबीत बसवायच्यात, चित्र न बिघडवता. सल्ला हवा

मधली_आळी: नमस्कार मंडळी. ताईच्या 2004 सालच्या लग्नाच्या मिनीडीव्ही कॅसेटा फायरवायर केबलने लॅपटॉपवर उतरवल्या. तासाला साधारण 13 जीबी, म्हणजे सहा तासांचे 78. हे सगळं घरात पडलेल्या 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर टाकून सोलापूरला आत्याला द्यायचंय. नवीन काही घेणार नाही, बजेट शून्य. हँडब्रेक या व्हिडिओ लहान करायच्या सॉफ्टवेअरमध्ये एक कॅसेट करून पाहिली. विधी ठीक दिसतात, पण अक्षता पडायला लागल्या की नवरा-नवरीच्या तोंडावर चौकोनच चौकोन. शिवाय कोणी हात हलवला की कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा. सेटिंग काय ठेवू?

टेराबाइट_तात्या: 8 जीबी? कोणत्या जमान्यात आहात राव! मी सरळ 4 टीबीची हार्डडिस्क घेतली. कॉम्प्रेस करायचंच नाही, विषय संपला.

रेंडरराव: एच.265 (व्हिडिओ दाबायची नवी पद्धत) मारा. निम्म्या साइजमध्ये तीच क्वालिटी. माझं नवीन ग्राफिक्स कार्ड चहा उकळेपर्यंत एक कॅसेट उडवतं.

फोंड्याची_माई: भाच्याने मुंजीचा व्हिडिओ एच.265 मध्येच दिला होता. आमच्या टीव्हीवर नुसता आवाज, पडदा काळा. अख्खी मुंज कानांनी पाहिली.

रेंडरराव: माई, टीव्ही बदला. हलकं घ्या.

फोंड्याची_माई: पैसे तू पाठवतोस का?

टाइमलाइनवाला: दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होतेय. रेघांचा कॉम्प्रेशनशी संबंध नाही. पाल (आपल्याकडची टीव्ही पद्धत) डीव्ही इंटरलेस्ड असतं: सेकंदाला 25 फ्रेम, प्रत्येकीत दोन फील्ड, म्हणजे एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं, आणि ती दोन वेगळ्या क्षणी टिपलेली. तशीच एन्कोड केली की हलत्या वस्तूला दात फुटतात आणि ते दात साठवण्यात बिट्सही वाया जातात. या फील्डमधून सलग चित्र बनवणारा डीइंटरलेस फिल्टर लावा. त्यात ‘बॉब’ निवडलंत तर 50 फ्रेम मिळतील, हालचाल मूळसारखी सलग.

आता अक्षता. कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबायची पद्धत, मागच्या फ्रेमवरून पुढची ताडतो. मंडप जागचा हलत नाही, त्याला खर्च जवळपास नाही. अक्षतांचा दाणा न् दाणा वेगळीकडे जातो, ताडायला काही उरत नाही, तिथे बिट्स ओतावेच लागतात. तुम्ही बहुतेक बिटरेट (दर सेकंदाचे बिट्स) फार कमी दिलाय. एच.264 (एच.265 च्या आधीचा कोडेक), कॉन्स्टंट क्वालिटी, आरएफ (दर्जाचा आकडा) 20, प्रीसेट स्लो. आरएफचा आकडा लहान तितकं चित्र चांगलं, 6 ने वाढवला की फाइल साधारण निम्मी. 720 बाय 576 ला हात लावू नका.

8 जीबीतच कोंबायचं असेल तर हिशोब करा: सहा तासांना सेकंदाला सरासरी 2.9 मेगाबिट येतात. आवाजाला एएसी 160 किलोबिट, व्हिडिओला 2600, दोन पास (आधी सगळं तपासून मग एन्कोड). पंगतीतले वाचलेले बिट्स एन्कोडर अक्षतांना देतो.

स्टुडिओपीडित: काहीही करा, मूळ फायली पुसू नका. आमच्या गावच्या स्टुडिओवाल्याने एआय लावून लग्न ‘4के’ करून दिलं. आजीच्या सुरकुत्या गायब, सासरे ओळखू येईनात. कॅसेट मागितली तर म्हणे सापडत नाही.

नवा_भिडू: माझ्या मते एच.264, आरएफ 20 आणि डीइंटरलेस. वरचे प्रतिसाद वाचले नाहीत.

रेंडरराव: स्लो प्रीसेटवर रात्रभर लॅपटॉप तापवायचा कशाला? कार्ड कशासाठी असतं?

टाइमलाइनवाला: घाईसाठी. तेवढ्याच साइजमध्ये सॉफ्टवेअर एन्कोडरचं चित्र सहसा सरस येतं. लग्न एकदाच एन्कोड करायचंय, तापू दे.

मधली_आळी: आभार मंडळी. आरएफ 20 आणि बॉब लावून पाहिलं, अक्षता मोजता येतील इतक्या स्वच्छ आल्या. ती फाइल माझ्यासाठी. आत्याला मात्र डीव्हीडी देतोय. काल फोन केला तर कळलं, तिचा टीव्ही जुना डबा, पेनड्राइव्ह लावायला जागाच नाही. डीव्हीडी प्लेअर आहे आणि त्याचं कुठलं बटण कशाचं हे तिला पाठ आहे. कोऱ्या डीव्हीडी माळ्यावर सापडल्या, रायटर शेजारच्या काकांकडे आहे. दोन तासांची एक अशा तीन, एमपीईजी-2 (डीव्हीडीचा जुना कोडेक), सेकंदाला साधारण 5 मेगाबिट.

रेंडरराव: एमपीईजी-2! धागा काढलात तरी कशाला?

टाइमलाइनवाला: जुन्या डब्याला डीव्हीडी चालेल. फक्त आता डीइंटरलेस करू नका, तो टीव्ही इंटरलेस्डच दाखवतो. आणि डीव्ही ‘लोअर फील्ड फर्स्ट’ (खालचं फील्ड आधी) असतं, एन्कोड करताना क्रम तोच ठेवा. उलटला तर वरात थरथरत येईल.